सायकलीवर सात नारळ

माझी अब्रू कराड आणि पलूसच्या दरम्यान कुठेतरी पडली, ती अजून सापडलेली नाही.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशावर धापा टाकत कशाबशा पलूसपर्यंत जात, म्हणून सासऱ्यांनी सांगलीहून लिहिलं, 'पलूसला आमची बैलगाडी पाठवतो.' मी बाणेदार उत्तर धाडलं, 'गाडी नको. आम्ही उभयता साताऱ्याहून सायकलींवर येऊ. येऊ ते स्वतःच्या बळावर, बैलांच्या नव्हे!' (बायको म्हणाली, "शेवटचं वाक्य खोडा." मी त्याखाली रेघ ओढली.)

आठ दिवस आधीच मी सगळं सामान वाण्याच्या तराजूत तोललं. जड वाटलं ते घरी ठेवलं. पंपही ठेवला.

"अहो, हवा गेली तर?" मालतीनं विचारलं.

"हवा काय, कुठेही मिळते!"

कराडपर्यंत छाती काढून गेलो. पुढे गाडीवाटेला लागलो आणि पहिल्याच वस्तीवर पाणी मागितलं. नऊवारीतली बाई सायकलवर! अख्खी वस्ती गोळा झाली.

"आवं बाई, पडत न्हाईसा व्हय?" एका म्हातारीनं विचारलं आणि लगेच सुनेला हाक मारली, "नारळ आण गं! सवाशीण दारात आलीया, रिकाम्या ओटीनं कशी धाडायची?"

ओटीला नाही म्हणता येत नाही. नारळ, वर पसाभर गहू. पुढच्या वस्तीवर पुन्हा नारळ! (मग मी तहान गिळू लागलो, तर बायका रस्त्यातच सायकली अडवू लागल्या.) सगळं ओझं अर्थातच माझ्या कॅरिअरवर. सातव्या नारळाला मागच्या ट्यूबनं प्राण सोडला. ठिगळ होतं, ते लावलं. हवा चहूकडे होती, फक्त ट्यूबमध्ये जाईना!

सायकली ढकलत पलूस गाठलं. तिथे झाडाखाली सासऱ्यांची गाडी उभी!

"लय उशीर केलासा, पावनं," गाडीवान म्हणाला. "कालधरनं वाट बघतुया."

मी मालतीकडे पाहिलं.

"पत्र मी टाकलं," ती म्हणाली. "तुम्ही पंप काढून ठेवलात, त्याच दिवशी."

मला भरून आलं. बाणेदारपणा गेला खड्ड्यात, असं म्हणून मी गाडीत चढू लागलो. गाडीवान आडवा आला.

"तुमी न्हाई. मालकांनी बजावलंय, जावईबापूंचा शबुद मोडायचा न्हाई. ताईसाब गाडीत, सायकली गाडीत, नारळ गाडीत. तुमी या आपल्या बळावर!"

सांगलीपर्यंत मी गाडीची धूळ खात चाललो. टाचांना फोड आले, रडायचंच काय ते बाकी होतं. मालतीनं एकदाच मागं वळून पाहिलं.

"अहो, एक नारळ फोडू का? तेवढंच बैलांचं ओझं हलकं होईल."

मी हो म्हटलं. नाही म्हणण्याइतकी हवा माझ्यातही उरली नव्हती.