उसंत मला दिसली होती

आमच्या किनाऱ्यासमोर पाण्याखाली खडकांची रांग आहे. आत यायला एकच अरुंद वाट, आणि तिच्यावर सतत लाट फुटते. परतणाऱ्या होडीला मागची लाट नीट जोखता येत नाही, म्हणून काठावरच्या उंच खडकावर एकजण पंचा वर धरून उभा राहायचा. मोठ्या लाटा ओसरल्या की जरा उसंत मिळते. त्या क्षणी पंचा खाली टाकायचा आणि होडीने जोरात वल्ही मारायची. पंचा पडेपर्यंत कोणी हलायचं नाही, ही रीत. माझी नजर चांगली, म्हणून विशीच्या आतच हे काम माझ्याकडे आलं.

एका संध्याकाळी मी टाकलेल्या पंच्यावर वडील आत येत होते आणि एक लाट वेळेआधी उठली. ते दुसऱ्या दिवशी सापडले. तुझी खूण बरोबर होती, असं सगळे म्हणाले. थोरला भाऊ, आमचा दादा, बाराव्यानंतर एवढंच म्हणाला, "आता होडी मी नेतलंय. काठार तूच उभो रव. दुसरो कोण माका नको."

महिनाभर समुद्र निवांत होता, निभावलं. मग एकदा दुपारनंतर वारा फिरला. दादाची होडी वाटेच्या तोंडाशी येऊन थांबली. लाटा गेल्या, पाणी सपाट झालं. मला उसंत दिसली. हात खाली आला नाही. दुसरी उसंत आली, तीही गेली. डोळे शाबूत होते, लाटांची मोजणी चुकत नव्हती, पण मोजलेलं हातापर्यंत पोचतच नव्हतं.

तिकडून दादा ओरडला, "टाक रे मेल्या, हय बसान म्हातारो होतलंय मी!" होडीतले दोघे हसले.

मग मला काय झालं ते आज सांगता येतं, तेव्हा कळलंही नव्हतं. चुकलं तरी चालेल, पण हे ठरवणं एकदाचं संपू दे, असं वाटलं. आणि मोठी लाट डोळ्यांसमोर उठत असताना मी पंचा टाकला.

माणसं वाचली. दादाचा गुडघा होडी आणि खडक यांच्यात चिरडला.

काठावर म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे गावच्या होड्यांच्या म्होरक्याने, विचारलं, "पंचो टाकलंस तू?"

मी म्हटलं, "नाय. तेनाच घाई केल्यान."

वल्ही मारणाऱ्यांची पाठ काठाकडे असते. पंचा दिसत होता तो फक्त सुकाणू धरलेल्या दादाला. तो वाळूत पडून माझ्याकडे बघत होता. काही बोलला नाही. पुढे गावात त्याच्या उतावळेपणाबद्दल लोक बोलत राहिले, तेव्हाही नाही. पाय जमिनीला टेकू लागल्यावर तो आगबोटीने मुंबईला गेला. एका वखारीत बसून करायचं काम मिळालं. आई गेली तेव्हा आला होता, दिवसकार्य होताच परतला.

मी पुन्हा त्या खडकावर उभा राहिलो नाही. घरात जेवायला बसलो की त्याची जागा सोडून बसायची सवय मात्र मोडली नाही. बायकोने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. चौदा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात तांडेल जाळं विणत बसला होता. शेजारी चारजण होते. तिथेच सगळं सांगून टाकलं. त्याने हातातली गाठ आवळली.

"ह्या आमका सांगान काय उपयोग?" तो म्हणाला. "तेका लिही."

लिहिलं. पंचा मी टाकला होता, हे गावाला सांगितलंय. आता तू ये, असं लिहिलं. वीस दिवसांनी कार्ड आलं, दोनच ओळींचं. पत्र पावलं. मुलांच्या परीक्षा झाल्या की बघू.

बायकोला वाचून दाखवलं. "येवचे नायत ते," ती म्हणाली.

असेल. पण ‘बघू’ असं लिहिलंय त्याने. येणार नाही, असं लिहिलेलं नाही.