टेबलासाठी मागवलेली चादर

संभाजीनगरच्या एका मोठ्या सरकारी बंगल्यात पाहुणी म्हणून फुलं सजवायला या, असं बोलावणं आलं. मी आधी बॅग भरली, मग होकार कळवला. पंचेचाळिसाव्या वर्षी, नाशिकच्या लग्नांबाहेर पहिल्यांदाच कोणी माझं काम मागत होतं. जेवणाचं टेबल आवडलं तर मुंबईतल्या अशाच एका निवासस्थानी शब्द टाकू, असंही निरोपात होतं.

येवला-वैजापूरमार्गे एसटीला पाचेक तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. सकाळची गाडी असेल तर डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. ऑक्टोबर होता, वैजापूरपुढं कपाशी फुटायला लागली होती. पोचल्यावर आधी नान-खलिया खाल्ला.

फुलं शहागंजजवळच्या फुलवाल्या रहीमचाचांकडून घेणार होते. फोनवर त्यांना टेबलाची लांबी-रुंदी सांगून म्हणाले होते, गुलाब आणि निशिगंधाची चादर हवी, टेबलभर. टेबलभर दाट फुलं पसरायची असली की आमच्या धंद्यात असं बोलायची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला चाचा रिक्षातून उतरले आणि टेबलावर खरोखरच चादर उलगडली. दोऱ्याच्या जाळीत ओवलेले गुलाब, कडेनं निशिगंधाची झालर. दर्ग्यात मजारीवर चढवतात, ती. माझी सगळी फुलं तिच्यात होती.

बंगल्याची व्यवस्था बघणाऱ्या काळेबाई दारातच थांबल्या.

"ताई, इथं जेवणं हायेत का उरूस?"

बाजार उठला होता आणि पाहुणे सातला येणार होते. दोरे कापले तर फुलदाण्या भरल्या असत्या. मी कात्री उचलली. चाचांनी मला अडवलं नाही, फक्त चादरीवर हात ठेवला.

"तुम्हीच बोल्ल्या ना, चादर पायजे म्हणून? वजू करून, हातपाय धुवून बसलो तवा वळली. चादर कापत नसतात, बाई."

कापली असती तर पाहुण्यांना कळलंही नसतं. मुंबईचा शब्द डोळ्यांपुढं होता. तरी त्या हाताखालून दोरा ओढणं मला जमलं नाही.

चाचांनी चादर ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्याबरोबर बागेत डहाळ्या तोडायला आले. काळेबाईंनी कुरकुरत बासुंदीसाठी आणलेली सीताफळं दिली. कडुनिंबाची पानं, पितळी तांबे आणि सीताफळं, एवढंच टेबल झालं. एका पाहुण्यांनी विचारलं, फुलं यायचीत का अजून? दुसऱ्यांनी सजावटीतलं सीताफळ उचलून फोडलं. मग बाकीच्यांनीही.

सकाळी चादर घेऊन चाचांबरोबर खुलताबादच्या दर्ग्याला गेले. बसस्थानकावरून गाड्या मिळतात. दौलताबादचा घाट चढला की हवा बदलते. डोकं झाकायला ओढणी ठेवा. आत बायका जात नाहीत, म्हणून मी उंबऱ्याशी थांबले. चाचांनी विचारलं, कोणाच्या नावानं चढवू? म्हटलं, तुम्ही वळलीत, तुमच्याच नावानं.

ते हसले. "वळणाऱ्याचं नाव नसतंय, बाई."

आणि आत गेले. परत आले तेव्हा कोणाचं नाव घेतलं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मुंबईचा निरोप आला नाही. त्याचं वाईट वाटलं नाही, असं म्हणणार नाही. नाशिकला परतल्यावर पंधरा दिवस फोन वाजला की मी घाईघाईनं हात पुसायचे. आता हातातली माळ पुरी करते, मग ओल्या हातानंच उचलते.