सुईबाई आणि माझा लेप

चार महिने मी आमच्या चिवड्याच्या मांडीवरची गाठ हळद-एरंडेलाच्या लेपाने रोज चोळली, याची लाज मला आज सत्तरीतही वाटते. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे अगदीच पोरसवदा आणि सर्वज्ञ होते. चिवडा म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. चोळलं की गाठ फुगायची, दुसऱ्या दिवशी बसायची. बसली की मी सोसायटीभर गुण आला म्हणून सांगत फिरायचे.

खरं तर त्याआधीच त्याला दिंडोरी रोडवरच्या सुईबाईंकडे नेलं होतं. हे नाव आम्ही ठेवलेलं. पाटीवर रीतसर पशुवैद्य वगैरे होतं. कुत्र्याच्या अंगावर कुठलीही गाठ दिसली की बाई बारीक सुई खुपसून आतलं थेंबभर काढत आणि काचेवर पसरत. ‘चरबीची वाटते’ असं कोणी म्हटलं की भडकत. “हाताला वाटते? तुमच्या बोटांना डोळे आहेत का?”

गाठीला लोखंड लागलं की ती चवताळते, हे सासूबाईंचं वाक्य मी त्यांना ऐकवलं आणि चिवड्याला घेऊन ताडताड निघून आले. सासूबाईंचं जन्मात एवढं एकच ऐकलं, तेही चुकीचं.

गाठ फुटून रक्त आलं तेव्हा पुन्हा गेले. पिवळीधमक मांडी पाहून बाई संतापाने आपल्या सटाण्याच्या बोलीवर आल्या, “हाई काय शे?” मग सुई, काच, रंग. मला ओढून त्यांनी सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. आत जांभळ्या दाण्यांनी ठासून भरलेल्या गोल पेशी. या शरीराच्या राखणदार, त्या म्हणाल्या. बाहेरचं काही घुसलं की दाणे सोडून सूज आणतात, मदत बोलावतात. चिवड्याच्या त्याच पेशींना कॅन्सर झाला होता. कुंपणच शेत खात होतं, आणि मी चोळून चोळून ते दाणे सांडत होते. माझा गुण म्हणजे मीच आणलेली सूज ओसरणं.

ऑपरेशन झालं, पण दुखणं जांघेतून पोटात पोचलं होतं. दोन महिन्यांत चिवडा गेला.

भेटायला येणारे म्हणत, कुत्रंच ते. कुत्र्याला कुठे कॅन्सर होतो. आणि तुमचा काय दोष, त्याचं आयुष्यच तेवढं. या शेवटच्या वाक्याने माझी अजून तळपायाची आग मस्तकात जाते. त्याचं आयुष्य तेवढं नव्हतं. मी ते तेवढं केलं.

सुईबाई दवाखाना बंद करून गावी गेल्या, त्यालाही वर्षं झाली. जॉगिंग ट्रॅकवर मी अनोळखी कुत्र्यांची अंगं चाचपते, मालकांशी भांडते. म्हातारी चळली, असं म्हणतात. म्हणोत.

चिवडा गेल्यावर मी बाईंना विचारायला गेले होते, आधी सुई लावू दिली असती तर? हात पुसत त्या म्हणाल्या, “बहुतेक वाचला असता, काकू. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं नाही बोलणार. डोळे पुसा आता. बाहेर एक जण सुई नको म्हणून कुत्रीला परत न्यायला निघालाय. मी सांगून थकले. तुम्ही सांगा जा.”