मांडीवरची वजनदार उशी

अमळनेरच्या शाळेत विशेष मुलांच्या वर्गासाठी सामान निवडायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॅटलॉग इंग्रजीत होता. मुख्याध्यापिकांना आम्ही मोठ्या मॅडम म्हणायचो. त्यांना वाटलं, ही इंग्रजी शाळेत शिकलेली, हिला कळेल. कळत होतं, म्हणूनच माझा त्यावर विश्वास बसेना. पानोपानी तीच दोन मुलं, उशी असो की पेन्सिल, सारखंच हसणारी. आमच्या वर्गात असं कुणी हसत नव्हतं.

जळगावचा विक्रेता नमुने घेऊन आला तेव्हा मी एकेक वस्तू हुंगून पाहिली. चावायच्या रबरी माळेला टायरच्या दुकानाचा वास होता. ती बाजूला गेली. उघडझाप करणारे रंगीत दिवेही बाजूला गेले. वर्गातल्या एका मुलाला फिट येते, असा उजेड त्याला चालत नाही.

"सगळ्या शाळा घेतात हो, मॅडम," तो म्हणाला.

मी नुसती मान हलवली.

"ह्या बोलत नाहीत आणि घेतही नाहीत," तो मोठ्या मॅडमकडे बघून हसला.

एक वस्तू मात्र मी घेतली. मांडीवर ठेवायची वजनदार उशी. थोडा वेळ मांडीवर वजन असलं की काही मुलं निवांत होतात, काही होत नाहीत. माझ्या वर्गातली एक मुलगी क्षणभरही बसत नसे. तिच्यासाठी करून बघायचं होतं. कोपऱ्याची शिवण उसवून आत काय भरलंय ते पाहिलं, ती फार जड नाही ना ते माझ्या मांडीवर घेऊन पाहिलं, मगच होकार दिला.

त्या मुलीची आई जवळच्या खेड्यातून यायची. मुलीला सोडून ती परत जात नसे, खिडकीबाहेर उभी राही. तिची नजर मुलीवर नसून माझ्या हातांवर असे. मला वाटायचं, मोठ्या मॅडमनीच हिला माझ्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय.

उशी मुलीच्या मांडीवर ठेवली त्याच दिवशी आई आत आली.

"हाई काय शे?"

"उशी. जरा जड असते."

"जड कसाले?"

"तिला शांत वाटावं म्हणून." बोलताना मलाच ते कॅटलॉगमधलं वाटलं.

"बठ्ठा पोरेस्ना मांडीवर शे का? का मन्ही पोरनाच?"

"सगळ्यांच्या नाही, हिच्याच."

 मग ती म्हणाली, आधीच्या शाळेतही शांत बसावं म्हणूनच पोरीला ओढणीनं बाकाला बांधत होते. घरी आल्यावर कमरेवरचे वळ दिसले तेव्हा कळलं. इथं तसं काही दिसलं तर आजच पोरीला घेऊन जाईन, परत आणणार नाही.

"नको वाटली तर उशी तिला ढकलून देता येते," मी म्हटलं.

"दखू," ती म्हणाली आणि बघायला भिंतीला टेकून उभी राहिली.

मुलगी मणी ओवत बसली. रोजच्यापेक्षा जास्त वेळ बसली, असं मला वाटलं. मग तिनं दोन्ही हातांनी उशी लोटली. ती धप्पकन फरशीवर पडली आणि मुलगी नळाकडे पळाली.

तेवढ्यात मोठ्या मॅडम मोबाइल घेऊन दारात. "अहो, ठेवा की परत मांडीवर! फोटो राहिलाय."

आईनं पोरीकडे पाहिलंच नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"नको असेल तिला," मी म्हटलं.

"मग घेतली कशाला?" मोठ्या मॅडम म्हणाल्या.

"तिला हवी असेल तेव्हा घेईल."

मोठ्या मॅडमनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू खुर्चीच बोलली. मोबाइल पर्समध्ये टाकून त्या गेल्या. आता ह्या माझ्याबद्दल कुठं काय सांगतील, हा विचार माझ्या डोक्यात लगेच सुरू झाला. उशी मी उचलली नाही. आईनंही नाही.

मुलगी ओले हात फ्रॉकला पुसत परत आली, उशीला वळसा घालून आपल्या जागी बसली.

"सकाय बी ईसू मी," आई म्हणाली. म्हणजे उद्याही.

"या," मी म्हटलं. "आतच बसा."

दुसऱ्या दिवशी दोघी आल्या. मुलगी मण्यांकडे गेली. आई सतरंजीवर बसली, माझे हात दिसतील अशा जागी.