जोगव्याचं पाचवं घर

माझी नात तीन वर्षांची झाली, तरी मी तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. लेक अश्विनी जर्मनीत आणि मी इथं जळकोटात. रोज संध्याकाळी नात फोनवर दिसायची, आज्जी म्हणायची आणि मी काही बोलायच्या आत खेळायला पळायची. न्हाऊ घातलेल्या लेकराच्या टाळूला जो वास असतो, तो काही फोनमधून येत नाही. मी अंदाजानं स्वेटर विणून पाठवायची आणि तिथं पोहोचेपर्यंत तो तिला आखूड झालेला असायचा. आमचे हे गेल्यापासून घरात मी एकटीच. आई भवानी सगळ्यांचं ऐकते, माझ्याच वेळी तिच्या कानाला काय होतं, असं मनात यायचं. देवीवर रुसायचा माझा स्वभावच आहे.

थोड्या दिवसांसाठी पाहुणी म्हणून जायचं तरी व्हिसा लागतो आणि तिथला खर्च झेपेल एवढा पैसा खात्यात आहे, हे दाखवावं लागतं. शेतीवाल्याच्या खात्यात पैसा कुठला टिकायला? सोयाबीन विकल्याची पट्टी जमा होते आणि खत-बियाण्याला निघून जाते. अश्विनी म्हणाली होती, "आई, तुझा सगळा खर्च माझ्यावर, असं मी इथल्या कचेरीत लिहून देते." मी साफ नाही म्हटलं. लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं, हे ह्यांचं बोलणं मी घट्ट धरून बसले होते. मग धाराशिवच्या धाकट्या भावानं मार्ग काढला. अर्जाच्या जरा आधी त्यानं दुकानातली रक्कम माझ्या खात्यात टाकली. म्हणाला, "अक्का, त्ये नुसता आकडा बघत्यात. पैसा कुणाचा, कोण इचारतंय?"

व्हिसाच्या कचेरीनं नेमकं तेच पाहिलं. वर्षभर कोरडं असलेलं खातं एकाएकी कसं भरलं, याचा उलगडा होत नाही म्हणून अर्ज नाकारला गेला. भावाची रक्कम मी त्याला परत केली आणि देव्हाऱ्यासमोर बसून पोटभर रडले. नातीला मी फक्त फोनवरच बघणार, असं त्या दिवशी मनानं घेतलं.

नवरात्रातला मंगळवार आला. आमच्या घरात आईची परडी आहे. ती हातात घेऊन दर मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा. घरात धान्य कितीही असो, मागायचाच. रुसलेली असले तरी सासूबाईंनी दिलेली परडी खुंटीवर ठेवायचं धाडस मला झालं नाही. माझी पाच घरं वर्षानुवर्षं ठरलेली. चार झाली. पाचवं माझ्या मैत्रिणीचं, तर तिथं कुलूप. ती सोलापूरला दवाखान्यात गेली होती. पाच पुरी केल्याशिवाय परतता येईना. हमरस्त्याला पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याच्या खोलीत नवे भाडेकरू आले होते. इतकी वर्षं मी मागत होते, पण सगळं भावकीत आणि ओळखीत. परक्या दारात उभं राहताना जीव लाजेनं अर्धा झाला. कसंबसं म्हटलं, "आईचा जोगवा वाढा."

अश्विनीच्या वयाची एक बाई दारात मिरच्या वाळत घालत होती. हात धुऊन आत गेली आणि ओंजळभर ज्वारीचं पीठ घेऊन आली. परडीत घालताना तिचे डोळे भरून आले.

"काय झालं गं बाई?"

"काय न्हाय, मावशी. हितं आल्यापासनं आमच्या दारात कुणी मागाय आलं न्हाय. समदे पुढनंच जातेत. वाटायचं, आपल्या हातचं कुणाला चालत न्हाय का काय. तुमी घेतलं, लई बरं वाटलं. पुढल्या मंगळवारी बी या."

मी हो म्हटलं आणि रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. डोळ्यांसमोर अश्विनी आली. ती दोन्ही हातांनी देत होती आणि मी तिच्या दारावरून अशीच पुढं निघून गेले होते. घरी येऊन तिला फोन लावला. "अश्विनी, माझा खर्च तूच कर. मला तुझ्याकडं यायचंय." ती म्हणाली, "किती वाट बघायला लावलीस गं आई."

तिनं तिथं लिहून दिलं, तो कागद इथं आला, मी पुण्याला जाऊन पुन्हा अर्ज केला आणि व्हिसा मिळाला. भावजय म्हणते, त्या खोलीत आई भवानीच उभी होती. मी वाद घालत नाही. ती बाई अजून तिथंच आहे, मिरच्या कांडताना सटासट शिंकते आणि मंगळवारी माझी वाट बघते. मैत्रिणीच्या दाराला त्या दिवशी कुलूप कुणी घातलं, हेही मी विचारत बसत नाही. आईनं मला मागायला शिकवलं, एवढं मात्र मी जाणते. त्यासाठी तिचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

नातीला मी मांडीवर घेतलं. टाळू हुंगली. तिथल्या मंगळवारी अश्विनीच्याच दारात पदर पसरला, तेव्हा ती हसता हसता रडली. मुदत संपली आणि मी परत आले. भेटून आल्यावर ओढ कमी होईल असं वाटलं होतं, ती वाढलीच. आता तो वास माहीत झालाय.

अजूनही मंगळवारी पाच घरं करून आले की फोन येतो. नात मुठीत पीठ घेऊन उभी असते. "आज्जी, जोगवा," म्हणते आणि फोनसमोर मूठ उघडते. पीठ तिकडंच फरशीवर सांडतं, अश्विनी ओरडत झाडू आणायला जाते. माझ्या पदरात काहीच पडत नाही. तरी फोन बंद झाल्यावरही मी पदर थोडा वेळ तसाच पसरून बसते.