कनवटीतल्या गोळ्या

म्हातारी हवेतून डाळीतले खडे वेचावेत तशी बोटं हलवत होती. तोंड लालबुंद, जीभ कोरडीठाक, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. वॉर्डाबाहेर आमचे ठाणेदार तिच्या सुनेला दरडावत होते, "धतूरा कब दिया, बोल!" ती घटना माझ्या डोळ्यांपुढून अजून गेलेली नाही.

दिल्लीच्या द्वारकेत तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या. शेजारणीनं फोनवर खबर दिली होती, सासूसुनेचं रोज वाजतं आणि आज सासू बरळतेय. डॉक्टर म्हणत होते, काय आणि किती पोटात गेलं ते लवकर शोधा.

मी चौथी पास. नवरा पोलिसात होता, तो गेल्यावर बायकांच्या झडतीसाठी मला घेतलं. ठाण्यात मराठी बोलणारी मी एकटीच. सुनेला मी बाजूला घेतलं.

"रडून काही होत नाही. खरं सांग."

"मावशी, सासूबाईंना गावी जायचंय. त्यावरूनच भांडतात. हे म्हणाले, पोटातली कळ थांबली की तिकीट काढतो. तेव्हापासून त्या रोज म्हणतात, मी एकदम ठीक आहे."

"आणि कळ?"

"थांबली म्हणाल्या."

जुनं दुखणं तिकिटाच्या नावानं थांबत नाही. नर्सनं पदराची गाठ, पिशवी, सगळं पाहिलं होतं. पण म्हातारी नऊवारीत होती, आणि दिल्लीच्या नर्सला कनवटी कुठून माहीत? मी कमरेचा खोचा सोडवला. आत गोळ्यांची पट्टी निघाली. दोनच उरल्या होत्या.

डॉक्टरांनी नाव वाचलं. आतड्याचा पीळ सैल करणारं औषध, कळ आली की एक गोळी घ्यायची. ते मला म्हणाले, "ज़्यादा हो जाए तो असर धतूरे जैसा ही है, माताजी." मुलाला कळू नये म्हणून म्हातारी एकामागून एक गिळत होती. लघवीही अडली होती. नळी घातली, सलाईन लावलं.

तिनं माझं मनगट धरलं. "आक्के, एस.टी. लागली का गं?"

"लागतेय. पड तू."

मला आक्का म्हणणारं माझ्या गावात कोणी उरलं नव्हतं. मी हात सोडवून घेतला नाही.

घरात भांडण दिसलं की पोलीस वैर शोधतात. माणसाला कुठे जायचंय, हे कोणी विचारत नाही. त्यानंतर प्रत्येक जबाबात मी ते आधी विचारलं.

ठाणेदारांनी सुनेला घरी सोडलं. महिन्याभरानं मुलानं आईला गाडीत बसवलं, तेव्हा मी स्टेशनवर गेले होते.

"तू कधी जाणार गं?" तिनं खिडकीतून विचारलं.

मी गेले नाही. ती पोचली, आणि पुढे बरीच वर्षं जगली.