लाज असलेली सरकारं

लोक सून आणतात ती मुलासाठी. माझ्या सासऱ्यांनी मला आणली ती युरोपसाठी. साताऱ्याला मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलं नाही, चालून दाखव म्हटलं नाही. खाकी कोटाच्या खिशातून एक कागद काढला आणि म्हणाले, "पोरी, ह्याचं इंग्रजी कर बगू." कागदावर लिहिलं होतं की शिराळ्यातल्या एका सात वर्षांच्या मुलाला त्याच्या आईनं हातपाय धरून एरंडेल पाजलं, तरी स्वीडन सरकारनं या गोष्टीची दखल घ्यावी. मला वाटलं, माझी परीक्षा घेताहेत. मी नुकती मॅट्रिक झालेली, अंगात इंग्रजीची रग. गंभीर चेहऱ्यानं करून दिलं. एरंडेलाचा शब्द आठवेना, म्हणून 'एक अत्यंत वाईट तेल' असं लिहून वेळ मारून नेली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी कागद लांब धरून वरपासून खालपर्यंत पाहिला, घडी घालून ठेवला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "जमलं. याद्या करून घेऊ." लग्न होऊन शिराळ्याला आल्यावर मला कळलं की तो कागद खरोखरच स्वीडनला गेला होता आणि त्याखाली 'सेक्रेटरी' म्हणून माझं नाव होतं, तेही सासरचं.

मामंजी पहिल्या लढाईत फ्रान्सला जाऊन आलेले. खेचरं सांभाळणाऱ्या पलटणीत होते, तिथून चढत चढत सुभेदार होऊन पेन्शनीत निघाले. बाकीचे शिपाई लढाईहून परतले ते बंदुकीच्या आणि बर्फाच्या गोष्टी घेऊन. यांनी एकच गोष्ट आणली होती आणि ती घरातल्या म्हशीलाही पाठ झाली असेल. एका खेड्यात यांची खेचरं विहिरीवर पाणी पीत होती. हातात घागर घेतलेली एक एवढीशी पोरगी तरातरा चालत छावणीत शिरली आणि गोऱ्या कप्तानासमोर उभी राहून म्हणाली की तुमच्या जनावरांनी आमचं पाणी नासवलंय. कप्तानानं तिला सलाम केला आणि खेचरं हलवली. "पोरीनं सांगितलं आन् कप्तानानं ऐकलं," एवढं बोलून मामंजी नेहमी थांबायचे. मग हळूच म्हणायचे, "तवा मला कळलं, पोराला बी हक्क असतुया. आपल्याकडं कुणी सांगितलंच न्हवतं गड्या."

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलं होतं की पोरांचं गाऱ्हाणं युरोपातल्या सरकारांना कळवलं पाहिजे. इंग्रज सरकारला का नाही, असं मी एकदा भीतभीत विचारलं. तेव्हा इंग्रज अजून जायचा होता. म्हणाले, "ज्याला लाज हाय त्यालाच लिवायचं असतं, सूनबाई. इंग्रजाला असती तर हितं कशाला ऱ्हायला असता?" त्यांनी सगळ्या युरोपची लाजेप्रमाणे प्रतवारी लावली होती. फ्रान्सला लाज होती, पण लढाईत धुऊन निघाली. डेन्मार्कला बऱ्यापैकी. स्वित्झर्लंडला भरपूर, पण ते लोक पैशाच्या नादाला लागलेले. सगळ्यांत लाजरं सरकार स्वीडनचं. का, तर ते लढाईत उतरलंच नाही. "सगळी आळी मारामारी करत असताना जो दार लावून घरात बसतो, तो दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडाकडं बघत न्हाई. त्याला काय बी सांगा, ऐकून घेतो," असा त्यांचा हिशेब. यात खोट काढायला मला अजून जमलेलं नाही.

दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या सोप्यात पोरांचा दरबार भरे. मामंजी अंघोळ करून, मेडलं लावलेला कोट धोतरावर चढवून खुर्चीत बसत. समोर घोंगडं अंथरलेलं आणि त्यावर गल्लीतली झाडून सगळी पोरं. कुणाला शेवटची भाकरी करपलेलीच मिळते, कुणाला मोठ्या भावाची चड्डी घालावी लागते, कुणाला न्हावी कान धरून फिरवतो. मामंजी सगळं ऐकून घेत, उलट तपासणी करत आणि मग माझ्याकडे वळत. एरवी घरात ते मला अगं-तुगं करत, पण मजकूर सांगायला लागले की मी सेक्रेटरी होई. "लिवा सूनबाई," म्हणत आणि मी पदर सावरून लिहायला बसे. तक्रार आली म्हणून घेतलीच, असंही नव्हतं. नागपंचमीच्या आधी पोरांनी एकजुटीनं येऊन सांगितलं की मोठी माणसं नाग धरायला रानात जातात आणि आम्हाला नेत नाहीत. मामंजींनी मिशीवरून हात फिरवत बराच विचार केला आणि म्हणाले, "ह्यात नागाची बाजू ऐकायला पायजे. तो बोलंपर्यंत निकाल न्हाई."

मला काय वाटत असेल याचा विचार करा. माझ्या मैत्रिणी पुण्याला कॉलेजात शेलीच्या कवितांच्या, काठांच्या साड्यांच्या गोष्टी करत होत्या आणि मी डेन्मार्क सरकारला भाकरी करपण्याविषयी लिहीत होते. पोस्टात टपाल टाकायला गडी जाई, पण पोस्टमास्तर मलाच निरोप धाडत, "वैनीसायबांना इचारा, ह्या बारीला कुठला देश?" पोस्टात बसलेली माणसं हसत ती आमच्या परसात ऐकू येत. माहेरी जायचं म्हटलं तरी मी काहीतरी निमित्त काढून टाळत असे, कारण वडील सगळ्यांसमोर विचारायचे, "काय म्हणतंय स्वीडन?" लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, हे मी त्या घरात शिकले.

पण गंमत अशी की गाव हसत हसतच घाबरायला लागलं. शेजारच्या जनाक्कानं आपल्या पोराला लाटण्यानं बडवलं आणि ते पोर रविवारी पाठ उघडी करून सोप्यात येऊन बसलं. संध्याकाळी जनाक्का तावातावानं आली. "आवं सुभेदार, घरातली गोष्ट घरात ऱ्हाऊ द्या की."

"आता काय करणार," मामंजी शांतपणे म्हणाले. "स्वीडनला कळीवलंय."

जनाक्काला स्वीडन पूर्वेला की पश्चिमेला ठाऊक नव्हतं. पण ती ओट्यावर मटकन बसली. "नाव घालून?" तिनं विचारलं.

"नाव, गाव, लाटणं. समदं."

"मग आता ती लोकं काय म्हणतील आमाला," म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. पुढचे कितीतरी दिवस ती त्या पोराला येता-जाता लिमलेटच्या गोळ्या देत होती आणि देताना आमच्या सोप्याकडे बघत होती. पुढे कधीतरी डेन्मार्कहून उत्तर आलं. तुमचं पत्र लक्षपूर्वक वाचलं असून संबंधित खात्याकडे पाठवलं आहे, एवढाच मजकूर. मी तो चावडीवर वाचून दाखवला. मामंजींनी त्यातला एकच शब्द उचलला. "लक्षपूर्वक म्हनत्यात. म्हंजे लक्ष हाय त्यांचं," असं म्हणून त्यांनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. शाळेतल्या छडीमार मास्तरांनी त्या आठवड्यात छडी कौलात खोचून ठेवली ती परत काढली नाही. माझ्या इंग्रजीचा कुणाच्या पाठीला उपयोग होतोय, हे बघून मलाही जरा बरं वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्याच सुमारास मला मुलगा झाला. माझे यजमान पलटणीत, बेळगावला. सासूबाई पूर्वीच गेलेल्या. घरात मी, मामंजी आणि त्यांचं युरोप. बाळ रात्रंदिवस पाळण्यात आणि पाळणा थांबला की आकांत. म्हणून कवठे महांकाळकडच्या एका दुष्काळी गावातून, ओळखीच्या माणसाच्या मध्यस्थीनं, हौसा आली. असेल नऊ वर्षांची. तिच्या घरी जोंधळे जायचे आणि ती आमच्याकडे पाळण्याची दोरी धरून बसायची. पोरगी गरीब, कधी वर मान करून बोलायची नाही. पाळणा माजघरात होता आणि माजघराच्या दारातून सोपा दिसायचा. रविवारी पोरांचा गलका सुरू झाला की तिचं तोंड तिकडे वळे आणि दोरीचा हात आपोआप चालत राही. हे मला दिसत होतं. मामंजींनाही दिसत असणार, त्यांची खुर्ची बरोब्बर समोर होती.

श्रावणातल्या एका रविवारी जनाक्का आली, सरळ माजघरात शिरली, हौसाच्या दंडाला धरून तिला सोप्यात आणून उभी केली. मनात लाटण्याचा सूड होता, दुसरं काही नाही. म्हणाली, "सुभेदार, हिचं बी गाऱ्हाणं घ्या की. का ही पोर न्हवं?"

मामंजींनी खुर्चीत जरा सावरून घेतलं. "बोल हौसा. घाबरू नगं. काय तक्रार हाय?"

हौसानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. आत पाळणा थांबला होता, बाळ कुरकुरायला लागलं होतं. ती म्हणाली, "काय न्हाई आबा. ऐतवारी समदी पोरं हितं घोंगड्यावर बसत्यात. मला बी बसायचं असतंय. पर बाळ उठतंय." आणि दंड सोडवून घेऊन ती पळत आत गेली, दोरी धरायला.

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं, आणि मामंजींचे कान लालबुंद झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. ते खुर्चीवरून उठले आणि खाली जमिनीवर बसले. आरोपीनं खुर्चीत बसायचं नसतं म्हणाले. मग कोटावरची मेडलं एकेक करून काढली, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिवा सूनबाई. सरकार, स्वीडन देश. आरोपी नंबर एक, मी सोता. आरोपी नंबर दोन..." आणि थांबले.

"मी," मी म्हटलं.

"व्हय. तुमी."

जनाक्काच घाबरली. "आवं आसं काय करताय? आपलंच नाव परदेशात धाडतंय का कुणी? गावाची अब्रू जाईल," असं म्हणत ती त्यांच्या पाया पडायला लागली. ते ऐकायला तयार नाहीत. मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या नावासकट, सगळं इंग्रजीत उतरवलं. त्या दिवशी मला एकही शब्द अडला नाही.

आता तुम्हाला वाटेल, दुसऱ्या दिवसापासून हौसा घोंगड्यावर बसायला लागली असेल. तसं झालं नाही. मामंजी पडले शिस्तीचे शिपाई. "प्रकरण वर गेलंय. निकाल लागंपर्यंत मधी हात घालता येत न्हाई," म्हणाले. दरबार बंद केला, मेडलं पेटीत ठेवली आणि स्वीडनच्या शिक्षेची वाट बघत बसले. रोज टपालाच्या वेळेला दारात उभे राहत आणि रिकाम्या हातानं आत येताना माजघरातून जायचं टाळत, परसातून वळसा घालत. मीही जेवायला वाढताना हौसाच्या ताटात दोन घास जास्त टाकी आणि तिच्या तोंडाकडे बघत नसे. आम्ही दोघंही इतके शरमलेलो होतो, की त्या शरमेतच आमचं सगळं बळ संपत होतं. आणि हौसा पाळणा हलवत होती. गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी गेली. बाळ पालथं पडायला लागलं, बसायला लागलं, पाळण्याच्या कडेला धरून बाहेर डोकावायला लागलं.

संक्रांत झाल्यावर उत्तर आलं. मामंजींनी अंगावर कोट चढवला, सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "वाचा."

आपलं पत्र लक्षपूर्वक वाचलं असून संबंधित खात्याकडे पाठवलं आहे. आभार. मी कागद उलटून पाहिला. मागे कोरा होता.

"शिक्षा?"

"काही नाही, मामंजी."

"रागावल्यात का?"

"नाही. आभार मानलेत."

मामंजी अगदी हळू आवाजात म्हणाले, "आभार." आणि मग, "सूनबाई, आपुन वाट कुणाची बगत हुतो गं?" कागद समोर असला की तुमी म्हणणारा माणूस त्या दिवशी मला गं म्हणाला. आतून पाळण्याची करकर ऐकू येत होती. इतके महिने ती दोघांच्याही कानांवर होती आणि दार ओलांडून जायला पाच पावलंसुद्धा लागत नव्हती.

मामंजी ती पावलं चालले. फतकल मारून पाळण्याजवळ बसले, हौसाच्या हातातली दोरी काढून घेतली आणि म्हणाले, "जा. भाईर बस जा." ती जाईना. आपलं काही चुकलं आणि आता आपल्याला परत धाडणार, असं वाटून ती रडायला लागली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की जोंधळे तसेच जातील आणि तू शाळेत जाशील. तिचा विश्वास बसायला चार दिवस लागले.

पुढच्या रविवारी पोरांना सांगावा गेला. घोंगडं अंथरलं. खुर्ची मात्र रिकामी, कारण फिर्याद ऐकणारे माजघरात दोरी धरून बसलेले. बाळ आता पाळण्यात राहायला तयार नव्हतं, पाय बाहेर टाकून उतरू बघत होतं, आणि मामंजी मोठ्या नेटानं त्याला झोके देत होते. पंचक्रोशीत ज्यांच्या मिशांचा धाक होता ते सुभेदार पोराला "गप रं राजा, प्रकरण चालू हाय" म्हणून विनवताहेत, हे बघायला जनाक्काही आली होती. पण हसली नाही. पोरं दाराकडे तोंड करून बसली आणि तक्रारी आत ओरडून सांगू लागली. सगळ्यांच्या मागं, घोंगड्याच्या कडेला, हौसा बसली होती. हात मांडीवर ठेवलेले. मधूनमधून उजवा हात आपोआप पुढेमागे व्हायचा, मग लक्षात येताच ती तो घट्ट दाबून धरायची.

"हौसा," मामंजींनी आतून विचारलं, "तुजी काय तक्रार हाय का?"

तिनं घोंगड्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "न्हाई आबा. बसल्यालं बरं वाटतंय."

"लिवा सूनबाई," मामंजी म्हणाले.

मी कागद घेतला. "कुणाला लिहू?"

आतून नुसती दोरीची करकर. मग म्हणाले, "कुणाला नगं. आपल्याला लिवा."

मी मराठीत लिहिलं. त्यानंतर आमच्या घरातून युरोपला टपाल गेलं नाही. कुणाचं गाऱ्हाणं आलं की मामंजी कोट न घालताच उठत आणि त्या त्या घरी जाऊन ओट्यावर बसत. आता ते नाहीत. अजूनही माझ्या हातून कधी काही व्हायचं राहून गेलं आणि मी त्याबद्दल नुसतीच शरमत बसले, की माझ्या कानांत ती करकर सुरू होते. मग मी उठते.